जर्मनीत २९० युरोला घेतलेला लॅपटॉप चोरीचा निघाला, जुना लॅपटॉप घेणाऱ्यांनी नक्की वाचा

मी डॉर्टमुंडला मास्टर्स करतेय. हे लिहायला मला बरेच दिवस लागले कारण आधी नुसती लाज वाटत होती, पण दर सेमिस्टरला आपल्याकडची नवीन मुलं येतात आणि पहिल्या दोन महिन्यांत हेच करतात, म्हणून सगळं लिहितेय. लांबलंय, पण ज्यांना जुना लॅपटॉप घ्यायचाय त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

नोव्हेंबर २०२५ मध्ये माझा साताऱ्याहून आणलेला लॅपटॉप बंद पडला, मदरबोर्ड गेला. इथल्या दुरुस्तीवाल्याने जो आकडा सांगितला तेवढ्यात दुसरा जुना लॅपटॉप आला असता. ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवायचं खातं) महिन्याला ९९२ युरो सुटतात, त्यात भाडं, विमा, किराणा गेला की शे-सव्वाशे उरतात, आणि माझा पार्टटाइम जॉब अजून सुरू व्हायचा होता. घरी पैसे मागायचे नव्हते, बाबांनी एज्युकेशन लोन कसं उभं केलंय ते मी बघितलंय.

मग जुन्या वस्तूंच्या साइटवर शोधायला लागले. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, त्यामुळे जुने लॅपटॉप ढिगाने विकायला आलेले. त्यातले बरेचसे इंटेलच्या सातव्या जनरेशनच्या प्रोसेसरचे नाहीतर त्याहून जुने, ज्यांच्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालतच नाही. एवढं मला माहीत होतं, म्हणून मी जनरेशन बघूनच शोधत होते आणि आपण नीट चौकशी करून घेतोय असं मला मनापासून वाटत होतं.

शेवटी एक सापडला, लेनोवोचा थिंकपॅड टी १४, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, २९० युरो. आपल्याकडचे तीस हजाराच्या आसपास. रिफर्बिश्ड, म्हणजे जुने दुरुस्त करून विकणाऱ्या दुकानांत तसाच ३८० च्या पुढे होता. मी जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढून बाबांना पाठवला, ते म्हणाले बघून घे बाळा, वापरून बघ आणि मगच पैसे दे.

वापरून बघितला ना! हाउप्टबानहोफच्या (मुख्य रेल्वे स्टेशनच्या) समोर एका बेकरीत भेटलो, माणूस तिशीतला, नीटनेटका, इंग्लिश चांगलं. वायफाय लावून बघितलं, व्हिडिओ चालवला, कॅमेरा, सगळ्या की दाबून बघितल्या (जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेड उलटे असतात, ते पण तपासलं), बॅटरी बघितली, चार्जर ओरिजिनल होता. पाऊण तास बसलो असू, तो एकदाही घाई कर म्हणाला नाही. फक्त लॅपटॉप बंद केला तेव्हा झाकणावर कोपऱ्यात बोटभर लांबीचा एक चौकोन दिसला, बाकीच्या काळ्या रंगापेक्षा जरा वेगळा, हात लावला तर चिकट लागला. कसला तरी स्टिकर खरवडून काढलेला. मी विचारलं, तर तो म्हणाला ऑफिसचा जुना आहे, नवीन दिल्यावर हा मला ठेवायला दिला. मी मान डोलावली. कागद आहे का, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं पण समोरचा इतका चांगला बोलतोय आणि आपण संशय घ्यायचा हे मला जमलं नाही. २९० युरो रोख मोजून दिले.

अकरा दिवस मस्त चालला. मग रूममेट म्हणाली की दुसऱ्याने टाकलेल्या विंडोजवर बँकेचं लॉगिन करू नकोस, आधी रिसेट कर. बरोबरच होतं तिचं. रात्री रिसेट लावला, भाषा निवडली, वायफायचा पासवर्ड टाकला, थोडा वेळ गोल फिरत राहिलं आणि स्क्रीनवर एका कंपनीचा लोगो आला. कंपनीचं नाव, खाली त्यांच्या ऑफिसचा ईमेल आणि पासवर्ड मागणारा रकाना. पुढे जायला वाटच नाही.

वर्गातला एक मित्र आयटी सपोर्टमध्ये काम करून आलाय, त्याने समजावलं. कंपन्या आपले लॅपटॉप विंडोज ऑटोपायलटमध्ये (मायक्रोसॉफ्टची कंपनीचे लॅपटॉप सांभाळायची सोय) नोंदवतात. ती नोंद लॅपटॉपच्या डिस्कवर नसते, त्या मशीनची हार्डवेअरची ओळख कंपनीच्या खात्यात असते, म्हणून विंडोज कितीही वेळा नवीन टाका, सेटअपच्या वेळी इंटरनेट मिळालं की कंपनीचं पान परत येणार. काढायचं तर कंपनीच काढू शकते. मग विंडोजऐवजी पेनड्राइव्हवरून उबुंटू ही फुकटची सिस्टिम टाकू म्हटलं तर पेनड्राइव्हवरून सुरूच होईना, एफ वन दाबून बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी चालू होणारी मशीनची मूळ सेटिंग) गेलो तर तिथे सुपरवायझर पासवर्ड, म्हणजे त्या सेटिंगचं कुलूप. थिंकपॅडचा तो पासवर्ड बॅटरी काढून जात नाही, बोर्डच बदलावा लागतो. त्याने खालचं कव्हर उघडलं तर एसएसडी भलत्याच स्वस्त ब्रँडची. म्हणजे त्या माणसाने दुसऱ्या मशीनवर विंडोज टाकून ती डिस्क आत बसवली असणार. सेटअप आधीच झालेला, त्यामुळे वरवर बघणाऱ्याला काहीच कळू नये. माझी पाऊण तासाची तपासणी त्याला चालणारच होती.

साइटवर त्याचं प्रोफाइल डिलीट झालेलं होतं. जाहिरातही गेलेली, उरला फक्त बाबांना पाठवलेला तो स्क्रीनशॉट.

मी त्या कंपनीला मेल केला. खरं तर मला वाटत होतं की ते लॉक काढून देतील. त्यांनी सिरीयल नंबर मागितला आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की हा लॅपटॉप त्यांच्या कर्मचाऱ्याच्या गाडीतून चोरीला गेलाय, तक्रार नोंदवलेली आहे, कृपया पोलिसांकडे जमा करा. ते वाचून माझे हातपाय गार पडले. व्हिसाचं काय होईल हा पहिला विचार, दोन रात्री झोप नाही.

पण पोलीस स्टेशनला गेले ते बरं झालं. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणं हा इथे गुन्हा आहे, म्हणून इतका स्वस्त का वाटला नाही, कुठे भेटलात, पैसे कसे दिले हे सगळं विचारलं, पण माझ्याकडे चॅट होतं, स्क्रीनशॉट होता, मी स्वतः कंपनीला केलेला मेल होता, त्यामुळे मला साक्षीदार म्हणूनच लिहून घेतलं. लॅपटॉप ठेवून घेतला आणि केस नंबरचा कागद दिला. जर्मन दिवाणी कायद्याच्या कलम ९३५ प्रमाणे चोरीच्या वस्तूची मालकी विकत घेणाऱ्याकडे येत नाही, त्याने पूर्ण पैसे मोजून, प्रामाणिकपणे घेतली असली तरी. म्हणजे पैसे मागायचे ते त्या माणसाकडे, आणि तो कोण हेच माहीत नाही. नंतर सरकारी वकिलांचं पत्र आलं, आरोपी सापडला नाही, तपास थांबवलाय.

आता मी काय करते ते सांगते. विकणाऱ्याला आधीच मेसेज टाकायचा की घरून रिसेट करून आण आणि पहिल्या स्क्रीनवर, जिथे देश विचारतात, तिथेच ठेव. भेटल्यावर आपल्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडायचा आणि पाच-दहा मिनिटं थांबायचं. कंपनीचा असेल तर तिथेच नाव येतं. मॅकबुकलाही हेच, सेटअपला रिमोट मॅनेजमेंट किंवा अ‍ॅक्टिव्हेशन लॉक आलं की उठायचं. बायोसमध्ये शिरून पासवर्ड मागत नाही ना ते बघायचं. मूळ बिल नसेल तर घ्यायचाच नाही. मी स्वतः शेवटी ३८९ युरोचा रिफर्बिश्ड घेतला, दुकानाचं बिल, एक वर्षाची जबाबदारी, आणि ऑनलाइन घेतला म्हणून १४ दिवसांत परत करायचा हक्क. पहिल्यांदाच ते ९९ युरो जास्त दिले असते तर.

गेल्या महिन्यात सांगलीचा एक ज्युनिअर म्हणाला, ताई, एसेनला एक लॅपटॉप आहे २५० ला, येतेस का बघायला. गेलो. विकणारा मुलगा हसतमुख, लॅपटॉप चकाचक, आणि विंडोज आधीच सुरू. रिसेट केलेला नव्हता. मी म्हटलं आम्हाला वेळ आहे, आत्ता इथे कर, कॉफी आमच्याकडून. तो म्हणाला ट्रेन पकडायचीय. मी म्हटलं उद्या येतो. त्याने लॅपटॉप बॅगेत घातला आणि काही न बोलता निघून गेला. ज्युनिअरचे २५० युरो पाकिटातच राहिले, आम्ही पुढची ट्रेन धरून परत आलो.