‘ब्रीदेबल’ म्हणून माथी मारलेला प्लास्टिकचा वेडर

पावसाळा ओसरला की हिडकल धरणाच्या बॅकवॉटरवर गळ टाकायला हुक्केरी, संकेश्वर, निपाणीकडची बरीच मंडळी येतात. त्यातले काहीजण आता वेडर हुडकायला लागलेत, म्हणजे पायापासून छातीपर्यंत येणारी, पाणी आत न घेणारी पॅन्ट. माझे साडेचार हजार रुपये ज्या जाहिरातीत गेले ती अजून फिरतेय, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

वेडरची गरज खरीच आहे. काठाला गुडघाभर चिखल, पाण्याखाली बाभळीचे काटे, आणि खानापूरकडच्या ओढ्यांत उतरलात तर जळवा. पीव्हीसीचा वेडर स्वस्तात मिळतो, पण त्यातून वाफ बाहेर जातच नाही. तासाभरात घामाने आतले कपडे चिंब. ब्रीदेबल वेडरमध्ये नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या कापडाला आतून एक अतिशय पातळ पडदा चिकटवलेला असतो. घामाची वाफ त्यातून बाहेर पडते, पाणी मात्र आत शिरत नाही. आत ऊब आणि दमटपणा जास्त, बाहेर कमी, या फरकावरच हे चालतं. त्यामुळे आपल्या दमट उकाड्यात अस्सल मालालाही मर्यादा आहेत, हे विकत घेतानाच धरून चालावं.

जाहिरातीत राखाडी, मऊ कापड होतं, ‘तीन थरांचं ब्रीदेबल’ असं ठळक लिहिलेलं, आणि पायाला निओप्रीनचे, म्हणजे मऊ रबरासारखे, मोजे. घरी आलं ते हिरवं, चकचकीत, उघडताच प्लास्टिकचा उग्र वास. पायाला मोज्यांऐवजी डकवलेले गमबूट. कंबरेचा पट्टा नव्हताच. शिवणीवर आतून सपाट टेप असायला हवी, तिथे नुसता डिंकासारखा पदार्थ ओघळून वाळलेला. छातीवर मात्र ‘ब्रीदेबल’ छापलेलं होतं. छापायला काय लागतं?

घालून पाण्यात उभा राहिलो तर आतून ओला. फोन केला तेव्हा पलीकडचा माणूस म्हणाला, "सर, ब्रीदेबल म्हणजे हवा येणार, म्हणजे थोडं पाणीपण येणारच." हे साफ खोटं आहे. वाफ जाऊ देणं आणि पाणी आत घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी येत असेल तर तो वेडर गळका. दुसऱ्या फोनला सूर बदलला: आत ओल आहे म्हणजे माल वापरलेला, परत घेणार नाही. म्हणजे माझा घामच माझ्याविरुद्धचा पुरावा झाला. संताप येतो तो याचा.

नवा वेडर हाती आला की पाण्यात उतरायच्या आधी घरीच बघा. पेल्यात कढत पाणी घ्या, वेडरचं कापड आतली बाजू पाण्याकडे करून तोंडावर ताणून धरा आणि वर थंड, कोरडी स्टीलची ताटली पालथी ठेवा. वाफ जात असेल तर थोड्या वेळात ताटलीला दव धरतं. माझ्या वेडरवरची ताटली कोरडी ठक्क राहिली. रात्री अंधाऱ्या खोलीत आत बॅटरी फिरवली की बारीक भोकंही दिसतात. पार्सल फोडताना सलग व्हिडिओ काढा. लेबल, शिवण, पाय सगळं त्यात येऊ द्या.

पट्ट्याबाबत मी हट्टाने सांगतो. कंबरेला पट्टा आवळलेला नसेल आणि पाय घसरला तर पाणी वरून आत भरतं, पाय उचलणं कठीण होतं. घटप्रभा नदीत हिडकल धरणातून पाणी सोडलेलं असेल तेव्हा वेडर कितीही चांगला असो, उतरू नका.

पैसे देण्याआधी विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचा संपर्क शोधा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तो द्यावाच लागतो. माझ्या विक्रेत्याच्या पानावर फक्त एक मोबाइल नंबर होता. माल वेगळाच आला तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर मराठीतूनही बोलता येतं. पैसे घेऊन माणूसच गायब झाला असेल तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, आणि मालासाठी दिलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी नाही. दावा लावायची मुदत दोन वर्षांची.

माझी तक्रार 1915 वर नोंदवली आहे, उत्तर यायचंय. तोच राखाडी वेडरचा फोटो आता दुसऱ्या नावाच्या पानावर दिसतोय, किंमत पाचशेनं कमी.