स्वतः बनवलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार, दहा महिने वाजवल्यानंतर

मागच्या मे महिन्यात तारा चढवल्या, आता मार्च संपत आलाय. तेव्हा दोनच दिवसांत फोटो टाकून "जबरदस्त वाजतेय" असं लिहून मोकळा झालो होतो, ते आता वाचलं की हसू येतं.

बॉडी जुन्या सागवानाची, पेठेतला एक वाडा पाडला त्याच्या चौकटीतलं लाकूड, खिळ्यांची भोकं अजून दिसतात. नेक म्हणजे मान मेपलची, तिच्यावरची बोटं दाबायची पट्टी म्हणजे फ्रेटबोर्ड शिसवी, स्केल म्हणजे तारेची वाजणारी लांबी 648 मिमी, फेंडर कंपनीच्या गिटारसारखी साडेपंचवीस इंच. ब्रिज, ट्यूनर, ट्रस रॉड (नेकचा बाक कमीजास्त करणारी आतली सळई) विकत घेतले पण पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारी तारेची गुंडाळी, मात्र हट्टाने स्वतः गुंडाळले.

आणि पहिला घोळ तिथेच. सिंगल कॉइल म्हणजे एकाच गुंडाळीच्या पिकअपला 42 गेजची तार, साधारण आठ हजार वेढे, हे सगळीकडे वाचलेलं, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत गेलो, 42 नंबर मागितली, मिळाली, आणि साडेतीन हजार वेढ्यांच्या आतच बॉबिन गच्च! दुकानदाराची काही चूक नाही, आपल्याकडे तार एसडब्ल्यूजी या ब्रिटिश मापात मोजतात, त्यातली 42 म्हणजे 0.1 मिमी आणि अमेरिकन 42 म्हणजे 0.063. मला खरं तर आपल्याकडची 46 पाहिजे होती. ती केसाइतकी बारीक, दोनदा तुटली, तिसऱ्यांदा जमलं. आवाज छान आला पण गेन वाढवला की शिट्टी मारायची, पिकअपवर नखाने टकटक केलं तरी अँपमधून ऐकू यायचं. वेढे हलू नयेत म्हणून मेणात बुडवायचं राहिलं होतं ना. मग पॅराफिनमध्ये थोडं मधमाशीचं मेण घालून, खाली गरम पाण्याचं पातेलं ठेवून, 65 अंशांच्या आसपास बुडवून ठेवले. शिट्टी गेली. ते पातेलं आईने परत स्वयंपाकघरात घेतलं नाही ते नाहीच.

पण खरा त्रास पावसाळ्यात. जुलैत पहिल्या तीन-चार फ्रेटवर (फ्रेटबोर्डावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तारा खरखरायला लागल्या. मागून नेकला लॅकर आहे, पुढचा फ्रेटबोर्ड उघडा, त्यामुळे शिसवी लाकूड दमट हवा पिऊन फुगलं आणि नेक मागे कलली. उपाय सोपा आहे, ट्रस रॉड पाव फेरा ढिला करायचा, तार दोन्ही टोकांना दाबून धरली की ती आणि मधली फ्रेट यांच्यात 0.2 मिमीच्या आसपास फट आली की झालं. पण मी शहाण्याने रॉडचा नट ठेवलाय बॉडीच्या बाजूला, जुन्या फेंडरसारखा, हेडस्टॉक म्हणजे नेकचं वरचं टोक स्वच्छ दिसावं म्हणून! म्हणजे दर वेळी तारा सोडा, चार स्क्रू काढा, नेक बाहेर, अंदाजाने फिरवा, परत सगळं जोडा, परत चुकलं की परत. गणपतीपर्यंत चार वेळा केलं, मग ते लाकडी स्क्रूच पकडेनात, शेवटी नेकमध्ये पितळी आट्यांच्या बुश बसवून मशीन स्क्रू लावले. आणि आता कोरड्या हवेत उलटं झालंय, फ्रेटबोर्ड आकसला आणि फ्रेटची टोकं बाहेर आलीत, हात खाली सरकवला की किसणीवरून सरकवल्यासारखं वाटतं. कानशीने घासायचीयत, कंटाळा करतोय.

वजन 4.4 किलो. बसून वाजवताना मला कधी जाणवलंच नाही. मित्र लग्नाच्या सीझनला बँडमध्ये वाजवतो, त्याला नोव्हेंबर-डिसेंबर वापरायला दिली, तर तीन तास उभं राहून खांदा गेला म्हणाला, आणि खालची कड बरगडीत टोचते, व्हॉल्यूमचा नॉब करंगळीला अडतो. यातलं एकही मला सहा महिन्यांत दिसलं नव्हतं. फेंडर कंपनी काढणाऱ्या लिओ फेंडरला स्वतःला गिटार वाजवता यायची नाही, तो नमुने वाजवणाऱ्यांच्याच हातात द्यायचा, त्याच्या 1954 च्या स्ट्रॅटोकॅस्टर गिटारची मागची खोलगट कड अशाच टोचण्याच्या तक्रारींतून आली. मला येते वाजवायला, तोच घोटाळा झाला बहुतेक, माझ्या हाताने नकळत सगळं सांभाळून घेतलं.

पिकअपबद्दल मात्र त्याची काहीच तक्रार नाही. स्टेजवर लायटिंग पेटलं की थोडी घूं येते, पण आत सगळीकडे तांब्याची पट्टी चिकटवलीय म्हणून चालून जातं. गिटार परत देताना म्हणाला पिकअप काढून दे, बाकी तुझं तुला.

दुसरीची बॉडी तूनची करतोय, मिरजेत सतारीला वापरतात ते लाकूड, सागवानापेक्षा बरंच हलकं. रॉडचा नट हेडस्टॉककडे, मागची कड घासलेली, नॉब दोन सेंटीमीटर मागे. एप्रिलअखेर तारा चढतील. पूर्ण पावसाळा मित्राकडेच ठेवणार आहे, यंदा फोटो दिवाळीनंतर.