जुनी मॅक्रो लेन्स घेताना ठाण्यात माझे १२,००० रुपये गेले

वर्तकनगरला आमच्या बाल्कनीत कढीपत्त्याची कुंडी आहे. पावसाळ्यात कॉमन मॉर्मन फुलपाखरू त्यावर अंडी घालून जातं. फिकट पिवळी, जेमतेम एक मिलिमीटरची. ती फोटोत नीट यावीत एवढ्यासाठी मला मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून बारीक गोष्टी मोठ्या टिपणारी लेन्स, हवी होती. नवी परवडणारी नव्हती. माझा कॅमेरा कॅननचा, पण मध्ये पातळ अडॅप्टर लावला की निकॉनच्या जुन्या मॅन्युअल लेन्स त्यावर बसतात. फोकस हाताने करायचा, ॲपर्चरही (लेन्समधल्या पात्यांनी लहानमोठं होणारं उजेडाचं भोक; एफ/चा आकडा मोठा तितकं भोक लहान) हाताने फिरवायचं. इतक्या जवळून कॅमेराच पुढेमागे करून फोकस साधावा लागतो, त्यामुळे ऑटोफोकस नसल्याचं मला काही वाटलं नाही.

ऑनलाइन जाहिरातीत निकॉनची ५५ मि.मी. एफ/२.८ मायक्रो (निकॉन मॅक्रोला मायक्रो म्हणतं) दिसली, ९,५०० रुपयांना. फोनवरचा माणूस माहितगार होता. "ताई, ही एकटी अर्ध्या मापापर्यंतच जाते. पूर्ण एकास-एक हवं असेल तर मागे २७.५ मिलिमीटरची ट्यूब लावावी लागेल, तो खर्च धरा." हे अगदी खरं आहे; अर्धं माप म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरवर वस्तूची प्रतिमा खऱ्या आकाराच्या निम्मी येते, आणि ट्यूब म्हणजे लेन्स नि कॅमेऱ्यामध्ये बसणारी पोकळ नळी. "आणि बाहेरून एक ओरखडा आहे, आधीच सांगतो," हेही त्यानेच सांगितलं. जो आपणहून दोष सांगतो तो बाकीचं लपवणार नाही असं मी धरून चालले, आणि तिथेच फसले. त्याने सांगितलेलं एकही वाक्य खोटं नव्हतं. दोष होता तो विषय मात्र त्याने निघू दिला नाही.

भेट ठरली तलावपाळीवर, संध्याकाळी साडेसातला. वेळ आणि जागा त्यानेच सांगितली. आजूबाजूला गाड्यांचा, दुकानांचा पिवळा उजेड. त्याने मोबाइलची बॅटरी लेन्सच्या पुढून धरून बुरशी नसल्याचं दाखवलं. बुरशी खरंच नव्हती. मी एफ/२.८ वर भेळेच्या कागदाचे दोन फोटो काढले, अक्षरं लख्ख आली. ॲपर्चरची रिंग फिरवली, पाती हलली. लेन्सला पेट्रोलसारखा वास येत होता, ते मी विचारलंही. "परवाच सर्व्हिस करून आणली ना, ताई." बिल मागायचं मला सुचलं नाही. मी तिथेच यूपीआयने पैसे दिले.

पहिले पंधरा दिवस लेन्स छान चालली. मग फोटो पांढरेफटक यायला लागले. मॅक्रोत फोकसमध्ये राहणारा पट्टा इतका बारीक असतो की एफ/८, एफ/११ शिवाय अंड्याची पुढची बाजू आणि पानाची शीर एकत्र धरता येत नाही, म्हणून मी एफ/११ ठेवून फ्लॅश वापरत होते. रिंग एफ/११ ला आणली की कॅमेऱ्यातून दिसणारं चित्र काळवंडायला हवं, कारण या अडॅप्टरवर पाती रिंगबरोबरच मिटतात. चित्र तसंच उजळ राहत होतं. लेन्स काढून मागून पाहिलं तर पाती उघडीच, आणि त्यांवर तेलाचे चकचकीत ओघळ. म्हणजे लेन्स एफ/२.८ वर उत्तम आणि मला जिथे वापरायची तिथे निकामी.

मी मेसेज केला. त्याचं उत्तर लगेच, गोड. "चूक झाली असेल ताई, दुसरी आहे माझ्याकडे, बदलून देतो. ती जास्त चांगल्या स्थितीत आहे, फरकाचे २,५०० पाठवा, उद्या स्टेशनला येतो." पहिल्या पैशांचा जीव अडकलेला असला की माणूस दुसरे पैसे पटकन देतो. मी पाठवले. दुसऱ्या दिवशी ठाणे स्टेशनला सॅटिसच्या पुलाखाली सव्वा तास उभी होते. फोन बंद. जाहिरातही गायब.

फोर्टातल्या एका जुन्या कारागिराने लेन्स उघडून दाखवली. चाळीस वर्षांपूर्वीचं फोकसिंगचं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरलं होतं. जुन्या लेन्समध्ये हे होतं, आणि नीट खोलून साफ केलं तर दुरुस्तही होतं. पण कोणीतरी न खोलता, वरूनच लायटरचं पेट्रोल सोडून पाती धुतली होती. त्याने दोन आठवडे पाती सुटी राहतात, मग तेल परत उतरतं. शिवाय ते पेट्रोल आतल्या काचेवर सुकून धुरकट कडं राहिलं होतं. सफाईला २,२०० रुपये लागले. कडं पूर्ण गेलं नाही.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून आलेले नाहीत. खरं तर मी दुसऱ्याच दिवशी फोन करायला हवा होता. लाज वाटली म्हणून चार दिवस घालवले.

जुनी लेन्स घ्यायला जाल तेव्हा दिवसा जा. रिंग एफ/१६ ला ठेवून मागून उजेड टाका आणि पात्यांवर ओघळ आहेत का बघा. मागची बारीक दांडी नखाने ढकलून सोडा. पाती टचकन मिटली पाहिजेत, रेंगाळली तर घेऊ नका. पांढरा कागद एफ/२.८ आणि १/१००० सेकंद शटरवर, मग एफ/११ आणि १/६० सेकंदावर टिपा; दोन्ही फोटो सारखेच उजळ यायला हवेत. पण माझ्या लेन्सने त्या संध्याकाळी हे सगळं पार केलं असतं, म्हणून सांगते: पेट्रोलचा वास आला तर सर्व्हिसचं बिल मागा, आणि कारागिराला स्वतः फोन करा. आणि जाहिरातीतल्या फोटोवर लेन्सचा नंबर दिसत असेल तर तो हातातल्या लेन्सशी जुळवा. मी घरी येऊन जुळवला. जुळला नाही.

परवा तेच फोटो पुन्हा जाहिरातीत आले आहेत, दुसऱ्या नावाने, ठिकाण वाशी. पहिल्या फोटोत फोकसच्या रबराला डाव्या बाजूला छोटा काप दिसतो. माझ्या कपाटातल्या लेन्सला तो काप नाही.