तीन इंची ट्रॅक: दोन हंगाम, 1,140 मैल

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी गॅरेजमध्ये स्नोमोबाइलची, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या आमच्या गाडीची, मागची बाजू स्टँडवर उचलली, खाली जुनी चादर अंथरली आणि तिचा ट्रॅक, म्हणजे चाकांऐवजी असणारा रबरी पट्टा, हाताने एकेक घर (त्यातलं भोक) पुढे सरकवत बसले. हातात पोलादी पट्टी, खडू आणि वही. एकूण 47 घरं. प्रत्येक घराशी थांबून पॅडलची, म्हणजे बाहेरच्या रबरी फळीची, उंची मोजली, कडा चाचपल्या, आतला रॉड अंगठ्याने दाबून पाहिला. दीड तास गेला. पुढे लिहिलेले आकडे त्या वहीतले आहेत. ट्रॅक नोव्हेंबर 2023 मध्ये बसवला होता, म्हणजे त्याचे दोन हिवाळे पूर्ण झाले.

आम्ही आयडाहोत, बॉयसीला राहतो. हिवाळ्यात जमेल त्या शनिवारी पहाटे ट्रेलर जोडून 55 नंबरच्या हायवेने पेयेट नदीच्या कडेकडेने मॅकॉल गाठायचं, तिथून वर डोंगरात. माझी स्नोमोबाइल 850 सीसीची टू-स्ट्रोक, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेली. तिचा मूळ ट्रॅक 16 इंच रुंद, 165 इंच लांब आणि अडीच इंची पॅडलचा होता. त्याने 1,900 मैल इमानाने दिले. कडेला चिरा पडू लागल्या तेव्हा बदलायचं ठरवलं आणि दुसऱ्या कंपनीचा तीन इंची पॅडलचा घेतला. त्या कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. माझ्या एका ट्रॅकवरून अख्खी कंपनी तोलणं बरोबर होणार नाही, शिवाय पुढचं बरंचसं कुठल्याही तीन इंची ट्रॅकला लागू पडेल.

ज्यांनी हे प्रकरण जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ट्रॅक म्हणजे रबराचा न संपणारा पट्टा. आत दोऱ्यांचं विणकाम, आडवे फायबरग्लासचे रॉड, आणि बाहेरच्या अंगाला उभ्या रबरी फळ्या. या फळ्यांना पॅडल किंवा लग म्हणतात. बर्फ मागे लोटण्याचं काम त्यांचं. क्यूबेकच्या जोसेफ-आर्मां बोंबार्दिए यांनी 1937 मध्ये ज्या रचनेचं पेटंट घेतलं, तिच्यातही रबर आणि सुती कापडाचाच पट्टा होता. 1934 च्या हिवाळ्यात बर्फाने रस्ते बंद होते, दवाखान्यापर्यंत पोचता आलं नाही आणि त्यांचा लहान मुलगा गेला. या यंत्रामागे ते दुःख आहे हे कळल्यापासून मी त्याला निव्वळ खेळणं समजू शकलेले नाही.

बसवण्याबद्दल एकच गोष्ट नीट लक्षात ठेवा: पिच. ट्रॅक फिरवणाऱ्या दातेरी चाकांना ड्रायव्हर म्हणतात. त्यांचे दात ट्रॅकच्या ज्या घरांत बसतात, त्या दोन घरांमधलं अंतर म्हणजे पिच. माझ्या जुन्या ट्रॅकचं पिच तीन इंच होतं, नव्याचं साडेतीन. त्यामुळे ड्रायव्हरही बदलावे लागतात, आठ दातांऐवजी सात दातांचे. आठ त्रिक चोवीस आणि सात गुणिले साडेतीन साडेचोवीस, म्हणजे गिअरिंगमध्ये जाणवेल असा फरक पडत नाही. ज्या दुकानातून मागवले त्यांनी डब्यावर बरोबर नंबर चिकटवून आत तीन इंची पिचचेच ड्रायव्हर पाठवले. स्किड (ट्रॅकच्या आतली सस्पेन्शनची चौकट) बाहेर काढलेली, चेनकेस (ड्रायव्हर फिरवणाऱ्या साखळीची पेटी) उघडलेली, त्यातलं तेल परातीत, आणि शाफ्टवर चढवायच्या आधी ते ट्रॅकवर धरून पाहिले म्हणून चूक ध्यानात आली. चुकीच्या पिचवर गाडी चालवली असती तर पहिल्याच चढावर दात घरं सोडून उड्या मारत सुटले असते. बदली माल यायला अकरा दिवस लागले आणि हंगामाचा पहिला चांगला बर्फ त्यात गेला. तेव्हा डबा आला की उघडा, मोजा, मगच गाडी खोला. ट्रॅकवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तोही बघा. पॅडलं एका बाजूने किंचित खोलगट असतात, ती उलटी बसली तर बर्फ धरतच नाहीत. टनेलमध्ये, म्हणजे ट्रॅक ज्याखाली फिरतो त्या धातूच्या बोगद्यात, तीन इंची पॅडलं घासणार नाहीत एवढी जागा आहे का, हे आधी पाहायचं. माझ्या मॉडेलची तीन इंची आवृत्ती कारखान्यातूनच येते, म्हणून मला ती काळजी नव्हती.

आता ताज्या बर्फातलं. ज्यासाठी पैसे मोजले ते सगळं इथे वसूल झालं, हे मनापासून सांगते. मॅकॉलजवळच्या ब्रंडेज डोंगराच्या बाजूने गूज लेककडे जाताना झाडीतला एक उतार आहे. जुन्या ट्रॅकवर मी तिथे दर वेळी एका तुटक्या फरच्या झाडाशी अडकायचे. थ्रॉटल पूर्ण दाबलेलं, ट्रॅक गरगरतोय, गाडी पुढे न जाता खाली खड्डा खणतेय, आणि मग कमरेएवढ्या बर्फात उतरून फावडं. जानेवारीत रात्रभरात दीड फूट पडल्यावर त्याच उतारावर नवा ट्रॅक घेऊन गेले. फर मागे पडलं. वरची मोकळी जागा आली आणि तिथे वेग कमी करून वळून खाली पाहिलं, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. चार हिवाळे मी ती जागा फक्त खालून बघत होते.

फरक चढण्याइतकाच थांबून पुन्हा निघण्यात आहे. मऊ बर्फात थांबलं की गाडी बसते. अडीच इंचीवर हळूच थ्रॉटल देत, अंग पुढेमागे झोकत तिला उठवावं लागायचं. तीन इंची पहिल्या फेऱ्यातच बर्फ पकडते. उंचीवर हे जास्त जाणवतं, कारण विरळ हवेत टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. 8,000 फुटांवर जवळजवळ पाव इंजिन खालीच राहिलेलं असतं, तेव्हा उरलेल्या ताकदीतली किती बर्फाला लागते हे ट्रॅक ठरवतो. मात्र थ्रॉटलवर हात हलका हवा. एकदम दाबलं तर हीच उंच पॅडलं दुप्पट वेगाने खड्डा खणतात. हे अंगवळणी पडायला मला चार-पाच फेऱ्या लागल्या.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. ट्रॅक वर नेतो म्हणजे पूर्वी न गाठलेल्या, जास्त उभ्या उतारांवर नेतो, आणि हिमस्खलन बहुतेक करून तीस अंशांहून तीव्र उतारांवरच होतं. पेयेट अॅव्हलांच सेंटरचा हिमस्खलनाच्या धोक्याचा अहवाल वाचल्याशिवाय आम्ही ट्रेलरवरून गाडी उतरवत नाही. बीकन (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं संकेत-यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून पाहायची लांब काठी) आणि फावडं अंगावर, आणि उतारावर एका वेळी एकच गाडी. ट्रॅकला हजार डॉलर मोजणाऱ्याने आधी हे सामान आणि त्याचं प्रशिक्षण घ्यावं.

पहिल्या हंगामात खूश होऊन मी भोरला आबांना व्हिडिओ दाखवला. आमची भातशेती. चिखलणीला ट्रॅक्टरला लोखंडी केज व्हील लावतात, ती आबांच्या हातातली गोष्ट. ते बराच वेळ पॅडलं निरखत राहिले आणि म्हणाले, "अगं, ही तर आपली चिखलणीची चाकं. रानात पळणारच. रस्त्यावर किती चालवलंस ते सांग."

त्यांनी नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं. केज व्हील लावून ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर आणायचा नसतो, हे गावात पोरासोरांनाही माहीत असतं. मॅकॉलला मात्र डोंगरात पोचायला आधी रस्ताच तुडवावा लागतो. वॉरन वॅगन रोडच्या पुढच्या भागात हिवाळ्यात गाड्यांसाठी बर्फ काढत नाहीत, यंत्राने दाबून त्याचा स्नोमोबाइलचा मार्ग करतात. त्या मार्गाने बर्गडॉर्फच्या गरम कुंडांपर्यंत एका बाजूने वीस मैलांहून जास्त अंतर आहे. थंडीचा कडाका असला की तो दगडासारखा होतो.

फेब्रुवारी 2024 मधली सकाळ, आठवडाभर नवा बर्फ नाही. सातव्या-आठव्या मैलाला मला जळक्या प्लास्टिकचा वास आला. आधी वाटलं पुढच्या कुणाच्या गाडीचा असेल. मग तापमानाचा आकडा चढलेला दिसला. थांबले, वाकून पाहिलं. स्किडच्या रेलखालच्या, ट्रॅक ज्यांवरून घसरतो त्या प्लास्टिकच्या स्लायडरच्या पट्ट्या ट्रॅकच्या धातूच्या क्लिपांना चिकटू लागल्या होत्या, आणि हातमोजा काढून पॅडलच्या टोकाला बोट लावलं तर शून्याखालच्या हवेत ते रबर गरम होतं. उकडलेल्या बटाट्यासारखं मऊ. कडक मार्गावर पॅडलचं टोक दर फेऱ्याला वाकतं आणि सुटतं, त्या वाकण्याने रबर आतून तापतं. स्लायडरला थंडावा आणि वंगण मिळतं ते सैल बर्फाने, आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या टनेलमधल्या कूलरलाही तोच बर्फ लागतो. घट्ट मार्गावर सैल बर्फ उडतच नाही. जुन्या ट्रॅकवरही हे व्हायचं, पण पंधरा-सोळा मैलांनी. तीन इंचीवर त्याच्या निम्म्यात झालं.

त्या दिवशी मार्गाच्या कडेच्या मऊ बर्फात दोन मिनिटं गाडी घातली, तापमान उतरलं, आणि असं दर तीन मैलांना करत गेलो. दुसऱ्या दिवशी वायरचे स्क्रॅचर मागवले. मार्गाचा पृष्ठभाग ओरखडून ते बर्फाचा भुगा ट्रॅकवर उडवतात. कडक सळईचे घेऊ नका, रिव्हर्स घेताना मोडतात. वायरचे वाकतात आणि परत जागेवर येतात. ते बसवल्यापासून जळका वास पुन्हा आलेला नाही, तरी कडक मार्गावर मी ताशी चाळीस मैलांच्या वर जात नाही. पिच मोठं असल्याने हँडलला आणि पायाला हादरेही जास्त बसतात. बर्गडॉर्फहून परतताना मनगटं बधिर होतात आणि पेट्रोलही जास्त लागतं.

वसंतातल्या बर्फाबद्दल थोडक्यात. मार्च-एप्रिलच्या सकाळी वरचा थर गोठलेला असतो, तेव्हा मऊ उंच पॅडलं त्यावर दुमडतात आणि आडव्या उतारावर गाडी खाली घसरते. माझा नवरा अजून अडीच इंचीवर आहे. त्याची पॅडलं आखूड आणि कडक, ती तशा बर्फात चावा घेतात. एप्रिलमध्ये तो माझ्या पुढे असतो.

आता टिकाऊपणा, वहीतला. नव्या ट्रॅकची पॅडलं पट्टीवर तीन इंचांना जेमतेम भरली होती. 1,140 मैलांनंतर मधली पावणेतीनच्या वर आहेत, कडेची अडीचच्या जरा वर. नऊ पॅडलांची टोकं फाटली. फाटलेला तुकडा लोंबकळत ठेवला तर चीर खाली बुडापर्यंत जाते, म्हणून धारदार चाकूने तिरका काप देऊन तो काढून टाकते. त्या नऊपैकी एकाचीही चीर पुढे वाढली नाही. तीन क्लिप गळून पडल्या. एक रॉड मोडला, तोही डिसेंबरमध्ये, पातळ बर्फाखाली लपलेल्या खोडावर आपटून. त्याचा दोष ट्रॅकला देता येत नाही. इतका कमी बर्फ असताना मी झाडीत शिरायलाच नको होतं. विणकाम मात्र कुठेही उघडं पडलेलं नाही, घरांच्या कडा शाबूत आहेत. अंगाचं रबर चांगलं आहे, टोकांचं मऊ आहे. स्लायडर दोन हंगामांत दोनदा बदलले, जुन्या ट्रॅकवर एकदाच लागायचे.

ताणाकडे दुर्लक्ष करू नका. नवा ट्रॅक पहिल्या काही फेऱ्यांत सैलावतो. माझा पहिल्या साठ मैलांतच सैल पडला आणि ब्रेक लावताना दात घसरल्याचा खडखडाट ऐकू आला. मॅन्युअलमध्ये सांगितलेलं वजन लटकवून झोळ मोजा आणि मागच्या ॲक्सलचे दोन्ही बोल्ट सारखे फिरवा. मग गाडी स्टँडवर सावकाश चालवून ट्रॅक मधोमध धावतोय ना ते बघा. एका बाजूला ओढला तर स्लायडर एकाच कडेने खातो. दर तिसऱ्या फेरीनंतर मी हे करते, वीस मिनिटं लागतात.

खर्च: ट्रॅक 1,050 डॉलर, ड्रायव्हर 170, स्क्रॅचर आणि स्लायडर मिळून दोनशेच्या आसपास. मजुरी वाचली, कारण आमच्या शेजाऱ्यांनी हात लावला. सत्तरी उलटलेले गृहस्थ, याच भागात वाढलेले. त्यांनी घेण्याआधी मला विचारलं होतं, गाडी उतरवतेस तिथून ताजा बर्फ किती मैलांवर असतो? मला वाटलं गप्पांचा प्रश्न आहे. कुणी तीन इंची घेऊ का विचारलं तर आता मीही आधी हाच प्रश्न विचारते. पाच-सहा मैल असतील तर बिनधास्त घ्या, पैसे सार्थकी लागतील. पंधरा-वीस मैल कडक मार्ग तुडवायचा असेल तर अडीच इंचीवर राहा, विशेषतः गाडी टर्बो नसेल आणि एप्रिलपर्यंत फिरायची हौस असेल तर.

माझ्यापुरतं मी असं ठरवलंय की माझी गाडी ब्रंडेजच्या बाजूलाच उतरवायची, तिथे मऊ बर्फ लवकर लागतो. बर्गडॉर्फला जायचं तेव्हा दोघांनी नवऱ्याच्या गाडीवर जायचं, आणि वसंतातल्या गोठलेल्या सकाळी मी घरी बसेन. मोडलेल्या रॉडपाशी पांढऱ्या रंगाची खूण केली आहे. एक रॉड गेला की शेजारच्या दोघांवर भार येतो, म्हणून येत्या डिसेंबरात पहिल्या फेरीनंतर आधी तेच दोन दाबून पाहणार. ते धड असले तर हा ट्रॅक तिसरा हिवाळाही काढेल.