शॉक न उघडताच घेतलेले सर्व्हिसचे पैसे

मागच्या पावसाळ्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या तांबड्या मातीच्या वाटांवर चार दिवस माउंटन बाइक चालवून परतल्यावर मी तिचा रिअर शॉक, म्हणजे सायकलच्या मागच्या चाकाचे धक्के झेलणारा भाग, पुण्यातील एका दुकानात पूर्ण सर्व्हिससाठी दिला. एअर कॅनचे (दाबाखालची हवा धरणाऱ्या बाहेरच्या नळकांड्याचे) सील, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कड्या, बदलणे आणि डॅम्परचे (शॉकची उसळी आवरणाऱ्या आतल्या भागाचे) तेल बदलून पुन्हा नायट्रोजन भरणे, अशा दोन्ही कामांचे ६,५०० रुपये त्यांनी घेतले आणि ‘हे तुमचे जुने सील’ म्हणून एक छोटी पुडीही हातात ठेवली. त्या पुडीमुळेच माझा विश्वास बसला, हे मला आजही बोचते.

पुढे आठवड्याभरात शॉकमधल्या हवेचा दाब १८० पीएसआयवरून १२० वर येऊ लागला. पंप जोडताना नळीत थोडी हवा जातेच, पण ती धरूनही ही घट फार होती. शेवटी मी शॉक घरीच उघडायचे ठरवले. सगळी हवा हळूहळू सोडली आणि शॉक दबलेल्या स्थितीत अडकलेला नाही याची खात्री करून घेतली, कारण तसा अडकला असेल तर आत दाब कोंडलेला असतो आणि कॅन उघडताना तो अंगावर उडू शकतो.

कॅन सरकवला आणि डस्ट वायपरच्या (धूळ बाहेर अडवणाऱ्या कडीच्या) खाचेत कोकणातली तीच तांबडी माती ग्रीसमध्ये कालवून घट्ट बसलेली दिसली. सील चपटे झालेले होते, कॅनमधले वंगणाचे तेल काळे पडले होते. मग पुडीतले सील काढून शॉकला लावून पाहिले, तर ते बरेच मोठे निघाले. ते कोणत्या तरी फोर्कचे, म्हणजे पुढच्या चाकाच्या सस्पेन्शनचे, असावेत.

हे काम बंद नळकांड्याच्या आतले असल्याने ते झाले की नाही हे गिऱ्हाइकाला बाहेरून कळत नाही. शॉक बनवणाऱ्या रॉकशॉक्स कंपनीच्या वेळापत्रकानुसार एअर कॅनची सर्व्हिस सायकल चालवण्याच्या दर ५० तासांनी आणि डॅम्परची २०० तासांनी करायची असते, म्हणजे नियमित चालवणाऱ्याला हा खर्च पुन्हापुन्हा येतो. शॉक देण्यापूर्वी कॅन आणि बॉडीच्या सांध्यावर नेलपॉलिशचा ठिपका लावून त्याचा फोटो काढावा. कॅन फिरवला की ठिपका तुटतोच. जुने सील मिळाले तर तिथेच जुळवून पाहावेत, आणि बदललेले भाग नावानिशी लिहिलेले पक्के बिल घ्यावे. माझ्याकडच्या साध्या चिठ्ठीवर ‘शॉक सर्व्हिस’ एवढे दोनच शब्द होते.

उघडलेल्या शॉकचे फोटो दाखवल्यावर दुकानदारांनी पुढची सर्व्हिस फुकट देऊ केली. ती मी नाकारली आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. एअर कॅनचे सील मी स्वतः बदलले असून तीन आठवडे दाब टिकून आहे. डॅम्परला मात्र मी हात लावलेला नाही, कारण नायट्रोजन भरण्याची साधने घरी नसतात. ते काम अजून बाकीच आहे.