आठ महिने टॅब्लेट घेऊन घरोघरी: एका होमकेअर नर्सचा अनुभव

रुग्णांच्या नोंदी भरायचा टॅब्लेट हाती आला तेव्हा माझी पाटी कोरी नव्हती. आधीचं एक ॲप आम्ही सगळ्यांनीच अर्ध्यात सोडलं होतं. 'नर्सेसना नवीन शिकायचं नसतं' असं तेव्हा ऐकून घ्यावं लागलं. ते मला आजही पटत नाही.

याही वेळी पहिले दोन महिने जीव मेटाकुटीला आला, कारण तेच बीपी फाईलमध्येही लिहायचं आणि ॲपमध्येही भरायचं. शेवटच्या घरून निघायला रोज उशीर. कागदी फाईल बंद झाली त्या आठवड्यापासून माझी तक्रार निम्म्याने कमी झाली. १९८९ मध्ये संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी मांडलं होतं की माणूस तंत्रज्ञान स्वीकारताना दोन गोष्टी पाहतो: याने माझं काम सुधारेल का, आणि ते वापरायला सोपं जाईल का. आमच्या बाबतीत दुसरी गोष्ट त्या दुहेरी लिखाणापाशीच अडली होती.

पहिल्या गोष्टीचं उत्तर हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय कमकुवत झालेल्या, एका आजोबांनी दिलं. वजन तीन दिवसांत दोन किलोंनी वाढलं होतं. धाप नव्हती, पायांवरची सूजही नजरेत भरत नव्हती. आलेखाची रेघ मात्र सरळ वर चढलेली. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी त्याच दिवशी, अंगात साठलेलं पाणी काढणाऱ्या लघवीच्या गोळीचा डोस बदलला. कागदावर ते तीन आकडे तीन वेगळ्या पानांवर राहिले असते.

जखमेचे फोटो हा सगळ्यात मोठा फायदा. शेजारी मोजपट्टी, दर वेळी तेवढंच अंतर, तसाच उजेड. आधी बेडसोरबद्दल (पडून राहून झालेल्या जखमेबद्दल) मी 'सुधारणा आहे' लिहायचे आणि दुसऱ्या पाळीची सिस्टर 'जैसे थे'. आता वाद उरत नाही.

अलर्टबद्दल मात्र स्पष्ट लिहिते, ते फार वाजतात. बोटं गार असली की रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर ८६ दाखवतो, हात चोळून ऊब दिली की ९६. तोवर लाल खूण जाऊन पोहोचलेली असते. अशा दहा खोट्या खुणांनंतर अकरावी खरी असली तरी डोळा तिच्यावरून सरकतो, आणि मला याचीच भीती वाटते. जाड दंडाला बीपीचा लहान पट्टा (कफ) बांधला तर बीपी जास्त येतं, पण ॲप कफचा आकार विचारतच नाही. नाडी अनियमित असेल तर मशीनच्या आकड्यावर मी विसंबत नाही, स्टेथोस्कोप लावून हाताने घेते. तो आकडा भरायला सहा महिने जागाच नव्हती. आम्ही तिघींनी पुन्हा पुन्हा लिहून कळवलं तेव्हा कुठे रकाना आला. असे रकाने ठरवताना नर्सला आधीच का विचारत नाहीत?

नेटवर्क नसलेल्या घरात सुरुवातीला माझ्या अख्ख्या भेटीची नोंद उडाली होती. आता ती टॅब्लेटमध्ये साठते आणि रेंज आली की आपोआप जाते.

एक सवय मी स्वतः बदलली. स्क्रीनकडे पाहत विचारलं की आजी 'बरं आहे' एवढंच म्हणतात. म्हणून आधी शेजारी बसते, हात हातात घेते, पोट साफ झालं का, झोप लागली का, सगळं ऐकते. टॅब्लेट त्यानंतर बॅगेतून निघतो.

आणि रात्री पाठवलेलं रीडिंग आमच्याकडे सकाळीच पाहिलं जातं. हे मी प्रत्येक घरी पहिल्याच दिवशी सांगते, रात्री कोणाला फोन करायचा तो नंबर मोठ्या अक्षरात लिहून पलंगाजवळ चिकटवते.