मूडलची ग्रेडबुक: निकाल लावणाऱ्याच्या नजरेतून

शाळांसाठी सॉफ्टवेअर दाखवायला येणारा माणूस आधी डॅशबोर्ड उघडतो. रंगीत चकत्या, चढत जाणारे खांब, कोपऱ्यात हिरवा बाण. मी परीक्षा विभाग सांभाळतो, त्यामुळे मला त्या चकत्यांचं फारसं कौतुक नाही. मी एवढंच विचारतो, की पेपरला गैरहजर राहिलेल्या मुलाच्या रकान्यात काय भरायचं? समोरचा म्हणाला, "शून्य टाका की सर," तर माझ्यापुरतं प्रात्यक्षिक तिथंच आटोपलं.

शून्य गुण मिळणं, पेपरला न बसणं, आजारपणामुळे सूट मिळणं आणि पेपर अजून तपासून न होणं या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. कागदी गुणपत्रकात आपण त्या सहज वेगळ्या ठेवायचो. शून्याला शून्य, गैरहजराला 'गै', सूट असेल तर आडवी रेघ, आणि पेपर तपासायचा राहिला असेल तर पेन्सिलीचं टिंब. संगणकावर आल्यावर या चौघांना एकाच चौकोनात कोंबून वर सरासरी काढायची, असं ज्याने ठरवलं त्याने आयुष्यात कधी निकाल लावलेला नसणार. आमच्याकडे आधी जे विकतचं सॉफ्टवेअर होतं (नाव घेत नाही) त्यात रिकामा रकाना सेव्ह केला की शून्य होऊन बसायचा. वर्गाची सरासरी घसरायची, वर्गशिक्षिका तावातावाने माझ्या टेबलाशी यायच्या, मी कंपनीला फोन लावायचो आणि तिकडून उत्तर यायचं, "पुढच्या अपडेटमध्ये होईल सर." ते अपडेट काही आलं नाही.

त्यानंतर आम्ही मूडलवर आलो. मार्टिन डूगियामास यांनी ऑस्ट्रेलियात सुरू केलेलं हे ऑनलाईन वर्ग चालवण्याचं सॉफ्टवेअर. पहिली आवृत्ती ऑगस्ट २००२ मधली. मुक्त स्रोत आहे, म्हणजे परवान्याचे पैसे लागत नाहीत. सर्व्हर, तो सांभाळणारं माणूस आणि शिक्षकांना शिकवण्यात जाणारा वेळ मात्र कुणी फुकट देत नाही, तो हिशेब आधीच मांडून ठेवा. बहुतेकांना मूडल माहीत असतं ते स्वाध्याय आणि ऑनलाईन चाचण्यांसाठी. मी लिहितोय ते त्यातल्या ग्रेडबुकबद्दल, म्हणजे गुणांच्या नोंदवहीबद्दल, आणि तिच्यात माहिती भरताना-काढताना जी हमाली करावी लागते तिच्याबद्दल.

आधी रिकाम्या रकान्याचंच बघू. ग्रेडबुकमध्ये गुणांचे गट पाडता येतात: चाचण्या, प्रकल्प, तोंडी वगैरे. प्रत्येक गटाला एक सेटिंग असतं, की रिकामे गुण हिशेबातून वगळायचे की नाही. वगळायचे ठरवलं तर रिकामा रकाना सरासरीत धरलाच जात नाही. नाही म्हटलं तर तो शून्य धरला जातो. निर्णय आपला, सॉफ्टवेअर परस्पर घेत नाही, हे मला पटलं. पण हे सेटिंग मुळात 'वगळा' असंच येतं आणि तिथं एक मेख आहे. एखाद्या मुलीने पाचपैकी एकच स्वाध्याय दिला, त्यात १० पैकी ९ मिळवले, तर तिच्या नावापुढे ९० टक्के दिसतात. पाचही स्वाध्याय देऊन प्रत्येकात ८ मिळवणारी मुलगी ८० वर. सत्र चालू असताना हे ठीकच आहे; आतापर्यंत जे दिलं त्यात किती मिळाले, एवढंच ते सांगतं. सत्र संपल्यावर तोच आकडा गुणपत्रकावर गेला तर गोंधळ ठरलेला.

यावर आमच्याकडे बसलेली पद्धत सांगतो. सत्रभर रिकामे वगळायचे. शेवटच्या आठवड्यात प्रत्येक शिक्षकाने आपापल्या विषयाचं 'सिंगल व्ह्यू' पान उघडायचं, जिथं एका चाचणीखाली सगळा वर्ग उभा दिसतो. ज्यांना सूट आहे त्यांच्यापुढे 'वगळा'ची खूण करून ती सेव्ह करायची. ज्यांनी दिलंच नाही त्यांना शून्य द्यायचं. त्यासाठी त्याच पानावर सगळ्या रिकाम्या रकान्यांत एकदम एकच आकडा भरायची सोय आहे. पण सरसकट शून्य ओतायच्या आधी पेपर तपासायचे राहिलेत का ते बघा, आणि सूट असलेल्यांच्या खुणा पुन्हा एकदा नजरेखालून घाला. 'गै' मात्र लिहिता येत नाही. आकड्यांच्या रकान्यात अक्षर चालत नाही, म्हणून ते शेऱ्याच्या चौकटीत लिहावं लागतं. आम्ही तिथं 'गैरहजर, अर्ज दिला' किंवा 'गैरहजर, अर्ज नाही' असे ठरावीक शब्दच लिहितो, म्हणजे नंतर शोधता येतात.

दुसरी एक गोष्ट मला फार आवडली आणि आमच्या स्टाफरूममध्ये तिच्यावरून बरीच कुरकुर झाली. चाचणीचे गुण मूडल आपोआप ग्रेडबुकमध्ये आणतं. पण शिक्षकाने थेट ग्रेडबुकमध्ये जाऊन एखादा आकडा हाताने बदलला, तर तो रकाना वेगळ्या रंगात दिसू लागतो आणि त्या क्षणापासून चाचणीशी त्याचा संबंध तुटतो. समजा चाचणीतल्या एका प्रश्नाचं 'बरोबर उत्तर'च चुकीचं भरलं गेलं होतं. ते सुधारलं, सगळ्यांचे गुण पुन्हा मोजायला लावले. वर्गाचे गुण बदलतात आणि हाताने बदललेला तो एकटा जुन्या आकड्यावर तसाच बसून राहतो. "सॉफ्टवेअर ऐकत नाही," अशी तक्रार येते. वास्तविक ते फारच ऐकतं: माणसाने मुद्दाम लिहिलेला आकडा यंत्राने पुसायचा नाही, असा त्यामागचा विचार. गुण बदलायचे तर चाचणीत जाऊन बदला, ग्रेडबुकमध्ये नाही, हा नियम नव्या शिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगितला की पुढची डोकेदुखी वाचते.

याच्याच जोडीला ग्रेडबुकचा इतिहास दाखवणारा अहवाल आहे. कुणाचे गुण, कधी, कुणी बदलले, आधी किती होते, नंतर किती झाले. एका पालकांनी विचारलं होतं, की मागच्या आठवड्यात दिसत होते त्यापेक्षा आज तीन गुण जास्त कसे? (हो, वाढले म्हणूनही लोक विचारतात. त्यांच्या मुलाचे नव्हते वाढले, मित्राचे वाढले होते.) दुसऱ्याच्या मुलाचे गुण त्यांना दाखवता येत नव्हते, पण मुख्याध्यापकांना तो अहवाल दाखवला. बदलाची तारीख पुनर्तपासणीच्या अर्जाशी जुळत होती आणि नाव विषयशिक्षकांचंच होतं. पूर्वी अशा वेळी कपाटातून गठ्ठा काढून खाडाखोडीवरच्या सह्या शोधाव्या लागायच्या.

एकूण गुण बदलतानाही ते जपून वागतं. स्वाध्याय २० गुणांचा होता, तो २५ चा करायचा आहे आणि काहींना गुण देऊन झालेत, तर ते विचारतं, आधीचे गुण नव्या प्रमाणात बदलू का? 'हो' म्हटलं तर २० पैकी १५ चे २५ पैकी १८.७५ होतात. 'नाही' म्हटलं तर १५ चे १५ च राहतात. घाईत दिलेल्या उत्तराने वर्गभराचे गुण बदलू शकतात, तेव्हा हा प्रश्न वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आता हमाली. मुलांची यादी सीएसव्ही फाईलने (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर-फाईल) एकदम चढवता येते आणि ती एक्सेलमध्ये तयार केलेली असेल तर खरी कसरत इथंच असते. दोष मूडलचा नाही. रोल नंबर ००७ लिहिला की एक्सेल त्याचा ७ करतं. तुकडी ५-८ लिहिली की तारीख करतं. ओळख क्रमांक १५ अंकांपेक्षा मोठा असेल तर पुढचे अंक शून्य होऊन जातात आणि मूळ अंक परत मिळत नाहीत. शास्त्रज्ञांचीही यातून सुटका नाही. मानवी जनुकांना अधिकृत नावं देणाऱ्या समितीने २०२० मध्ये काही जनुकांची नावंच बदलल्याचं जाहीर केलं, कारण 'मार्च १', 'सेप्ट १' अशी लघुनावं एक्सेल तारखा समजून बदलत होतं. आपल्याला मुलांची नावं बदलायची नसतात, म्हणून रकाने आधी 'टेक्स्ट' करायचे आणि मगच टंकायला सुरुवात करायची. देवनागरी नावं असतील तर फाईल यूटीएफ-८ मध्येच (सगळ्या लिपींची अक्षरं साठवणारी पद्धत) साठवा. आणि ती तपासायला एक्सेलमध्ये नुसती डबल-क्लिकने उघडून नावांच्या जागी चिन्हांचा कचरा दिसला, तर घाबरू नका, पण सेव्हही करू नका. माझा स्वतःचा कल अशा कामाला लिबरऑफिस कॅल्क हे एक्सेलसारखंच मोफत सॉफ्टवेअर वापरण्याकडे आहे. ते फाईल उघडतानाच कोणती लिपी-पद्धत आणि कोणता रकाना कशा प्रकारचा, हे विचारतं.

दोन अडचणी मूडलच्या बाजूच्या. यादीत प्रत्येकाला ईमेल लागतो आणि एकच ईमेल दोन खात्यांना चालत नाही. भावंडांना मिळून आईचा एकच ईमेल असतो, तिथं गाडी अडते. प्रशासकाला सेटिंगमधून परवानगी देता येते, पण ती आहे हे आधी ठाऊक असायला हवं. दुसरं, बाहेर तपासलेले लेखी परीक्षेचे गुण आत आणताना कोणता आकडा कोणाचा, हे जुळवावं लागतं. हे ओळख क्रमांकावरूनच जुळवा. नावांच्या बाबतीत एकाच शाळेत श्रेया, श्रीया आणि श्रेया नावाची दुसरीही असते.

फी, वेळापत्रक, दाखले, ग्रंथालय यातलं काहीही मूडलकडे मागू नका. तो त्याचा प्रांत नाही. हजेरीसुद्धा मूळ सॉफ्टवेअरमध्ये नाही, त्यासाठी वेगळं प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा भाग, घ्यावं लागतं. छापील प्रगतिपुस्तक हवं असेल तर गुण एक्सेल किंवा ओपनडॉक्युमेंट फाईलमध्ये काढून घ्यायचे आणि आपल्या नमुन्यात मेल मर्जने (यादीतली माहिती नमुन्यात आपोआप भरणारी सोय) बसवायचे. मराठी भाषेचा पर्याय आहे, पण भाषांतर अर्धवट असल्याने एकाच पानावर निम्मी बटणं मराठीत आणि निम्मी इंग्रजीत दिसतात. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी शेवटी इंग्रजीच ठेवलं.

कुणाला काय दिसावं, या बाबतीत मात्र मूडल बारकाईने विचार करतं. शिक्षक, फक्त गुण देणारा शिक्षक, व्यवस्थापक अशा भूमिका तयार मिळतात आणि प्रत्येकीचे अधिकार एकेक करून काढता-घालता येतात. पालकांची भूमिका आयती नसते. ती बनवावी लागते आणि कोणता पालक कोणत्या मुलाचा, हे एकेक जोडावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण त्यात घाई करू नये. अमेरिकेत इनब्लूम नावाचा प्रकल्प होता, विद्यार्थ्यांची सगळी माहिती एके ठिकाणी साठवण्याचा. पाठीशी सुमारे १० कोटी डॉलर होते. २०१३ मध्ये गाजावाजा करून सुरू झाला आणि मुलांची माहिती कोण बघणार, यावरून पालक इतके बिथरले की २०१४ मध्ये गुंडाळावा लागला. आमच्याकडे पालकांना फक्त आपल्या मुलाचे गुण आणि शेरे दिसतात. वर्गातला क्रमांक कुणालाच दिसत नाही. तो दाखवायची सोय आहे, आम्ही ती मुद्दाम बंद ठेवली.

एकदोन वर्ग आणि एकच शिक्षक असा कारभार असेल तर मूडल घेऊ नका. नीट आखलेली एक स्प्रेडशीट पुरते आणि ती बिघडली तर दुरुस्तही तुम्हीच करता. एकाच मुलाला पाच-सहा जण गुण देत असतील आणि प्रत्येकाची फाईल वेगळी असेल, तर मात्र घ्या.

बॅकअपबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. मूडलमधून एका कोर्सचा, म्हणजे मूडलवरच्या एका विषयाच्या वर्गाचा, बॅकअप घेता येतो, त्याची एक एमबीझेड फाईल मिळते आणि लोक ती पेन ड्राइव्हवर टाकून निवांत होतात. ती फाईल त्या एका कोर्सपुरतीच असते. पूर्ण साईट परत उभी करायची तर डेटाबेस, मूडलडेटा नावाचा फोल्डर आणि मूडलचा स्वतःचा कोड, अशा तिन्ही गोष्टी लागतात. आमच्या संगणक विभागाच्या मॅडम सत्र संपलं की या तिन्ही दुसऱ्या मशीनवर चढवतात आणि मला बोलावतात. मी कुठल्याही एका वर्गाचा निकाल उघडतो, कागदावरच्या प्रतीशी बेरजा ताडून पाहतो आणि वहीत सही करतो. जुळलं नाही तर जुनी प्रत पुसायची नाही, असं ठरलेलं आहे.